वाचक विचारतात : जुन्या डेस्कटॉपला कोणती रॅम चालेल?

जुन्या संगणकाची रॅम वाढवण्याविषयी आलेली चार पत्रे आणि त्यांची उत्तरे या अंकात एकत्र देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : मी आमच्या गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. केंद्रातील डेस्कटॉप २०१२ साली घेतलेला आहे. दुसऱ्या पिढीचा कोअर आय३ प्रोसेसर आणि २ जीबी रॅम. सातबारा, उत्पन्नाचा दाखला आणि पीकविम्याचा अर्ज अशी तीन पाने एकदम उघडून वर स्कॅनर चालू केला की संगणक हँग होतो आणि दारात लोक ताटकळतात. नागपूरला शिकणाऱ्या भाच्याने ८ जीबीची डीडीआर४ रॅम ऑनलाइन मागवून दिली, पण ती स्लॉटमध्ये बसतच नाही. तालुक्याचे दुकानदार म्हणतात, 'ताई, सोळाशेवाली टाकून देतो, मग पयते पाहा कशी!' आमची जुनी रॅम मात्र तेराशे तेहतीसची आहे. नेमकी कोणती आणि किती घ्यावी? — एक केंद्रचालिका, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ

उत्तर : भाच्याने मागवलेली रॅम परत करण्याची मुदत शिल्लक असेल तर ती आधी परत करावी, कारण कितीही खटपट केली तरी ती आपल्या संगणकात चालणार नाही. डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४ या रॅमच्या एकामागून एक आलेल्या पिढ्या आहेत आणि आपला संगणक डीडीआर३ च्या काळातला आहे. डीडीआर४ बाजारात आली २०१४ मध्ये. डीडीआर३ च्या पट्टीला २४० पिना असतात आणि ती १.५ व्होल्टवर चालते, डीडीआर४ ला २८८ पिना असून तिला १.२ व्होल्ट लागतात, आणि एकीच्या जागी दुसरी जाऊ नये म्हणूनच दोघींच्या खालच्या कडेची खाच वेगवेगळ्या ठिकाणी कापलेली असते. डीडीआर२ लाही पिना २४० च असतात, त्यामुळे पिना मोजण्यापेक्षा खाच जुळवून पाहणे बरे. 'नवी आहे, घट्ट असणारच' असे म्हणून अंगठ्याने जोर लावणारे मी पाहिले आहेत, आणि खरे सांगायचे तर एकदा त्यांत मीही होतो. पट्टीला काही झाले नाही, स्लॉट मात्र तडकला आणि रॅमच्या खर्चात मदरबोर्डचा खर्च मिळवावा लागला. आपण जोर लावला नाहीत, हे उत्तम केलेत.

कोणती रॅम घ्यावी याचे उत्तर आपल्या कॅबिनेटमध्येच चिकटवलेले आहे. संगणक बंद करून मागची वायर काढावी, बाजूचा पत्रा उघडावा, स्लॉटच्या टोकांच्या कड्या बाहेरच्या अंगाला दाबाव्यात आणि जुनी पट्टी सरळ वर उचलावी. तिच्यावरच्या लेबलवर इंग्रजीत एक ओळ असते, ती देवनागरीत लिहिली तर साधारण अशी दिसेल : '२जीबी २आरएक्स८ पीसी३-१०६००यू-९-१०-बी०'. ही ओळ मंत्रासारखी वाटली तरी ती साधी आहे. '२जीबी' ही क्षमता झाली. '२आरएक्स८' याचा अर्थ असा की चिपांचे दोन गट आहेत आणि प्रत्येक चिप एका वेळी ८ बिट देते. प्रोसेसरला एका वेळी ६४ बिट लागतात, म्हणून एका गटात आठ चिपा आणि दोन्ही मिळून सोळा, आणि पट्टी उलटसुलट करून मोजल्यास तेवढ्याच भरतील. 'पीसी३' म्हणजे डीडीआर३. '१०६००' हा सेकंदाला मेगाबाइटमध्ये मोजलेला वेग असून १३३३ ला (म्हणजे सेकंदाला होणाऱ्या दशलक्ष देवाणघेवाणींना) ८ ने (६४ बिट म्हणजे ८ बाइट) गुणले की साधारण तोच आकडा येतो. त्याच हिशेबाने सोळाशेच्या पट्टीवर '१२८००' लिहिलेले असते. त्यापुढचे 'यू' हे अक्षर म्हणजे साध्या डेस्कटॉपची पट्टी. नवी पट्टी घेताना 'पीसी३' आणि 'यू' या दोन गोष्टींत तडजोड करू नये, बाकीचे आकडे थोडे मागेपुढे असले तरी चालते. 'पीसी३एल' लिहिलेली पट्टी १.३५ व्होल्टची असते, पण ती १.५ व्होल्टवरही चालावी अशीच बनवलेली असल्याने स्वस्तात मिळाल्यास अवश्य घ्यावी.

सोळाशेविषयी दुकानदारांचे म्हणणे चुकीचे नाही, अपुरे आहे. सोळाशेची पट्टी आपल्या संगणकात बसेल आणि बिनतक्रार चालेलही, परंतु दुसऱ्या पिढीच्या आय३ मध्ये रॅमशी बोलणारा भाग प्रोसेसरच्या पोटातच असतो आणि त्याची मर्यादा १३३३ ची आहे, त्यामुळे ती पट्टी तेराशे तेहतीसनेच चालेल. तिच्या शेजारी जुनी तेराशे तेहतीसची ठेवली तरी बिघडत नाही. बंडी जोडीतल्या संथ बैलाच्या चालीने चालते, तसेच हे. आज बाजारात सोळाशेच्या पट्ट्या अधिक सहज मिळतात, म्हणून तीच घ्यावी लागली तर घ्यावी, मात्र वेगाच्या नावाखाली एक रुपयाही जास्त देऊ नये.

आता किती घ्यावी हे. त्या काळच्या बहुतेक आय३ संगणकांत एच६१ चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य नियंत्रक चिपांचा) मदरबोर्ड असे, त्याला दोन स्लॉट आणि कमाल १६ जीबीची मर्यादा असते, म्हणजे एका स्लॉटला ८ जीबी. आपल्या बोर्डचे नाव त्याच्यावरच ठळक छापलेले असते. धुळीमुळे दिसत नसल्यास विंडोजमधील सिस्टिम इन्फर्मेशन उघडावे किंवा सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम चालवावा. माझे मत विचाराल तर ४ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या घ्याव्यात. दोन सारख्या पट्ट्या दोन स्लॉटमध्ये असल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी देवाणघेवाण करतो, आणि आपल्याकडे वेगळे ग्राफिक्स कार्ड नसल्यास पडद्यावरचे चित्रही याच रॅममधून वाटा उचलत असल्याने त्याचा फायदा जाणवतो. हात आखडता असेल तर जुनी २ आणि नवी ४ असेही चालेल. इंटेलचे हे प्रोसेसर त्यातली २ अधिक २ जोडीने वापरतात आणि उरलेली २ एकेरी. काहीही केले तरी जुनी पट्टी विकू नये, मोडीत देऊ नये. उद्या संगणक सुरू झाला नाही, तर दोष नव्या रॅमचा की आणखी कशाचा हे सांगणारी तीच एक साक्षीदार असते.

एक अडथळा राहतो आणि तो दुकानात कोणी सांगत नाही. आपले विंडोज ३२ बिटचे असेल तर ८ जीबी बसवूनही संगणक ४ जीबीच्या वर जाणार नाही, प्रत्यक्षात सव्वातीन-साडेतीन जीबीच वापरता येतील. सेटिंग्जमधील 'अबाऊट' या पानावर हे लिहिलेले असते. आपला प्रोसेसर ६४ बिटचा आहे, अडचण तिथे नाही. पण ३२ वरून ६४ वर जाताना विंडोज नव्याने टाकावे लागते, आणि तसे करण्यापूर्वी केंद्रातील स्कॅनर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र आणि डिजिटल सहीचे टोकन या तिन्हींचे ६४ बिटचे ड्रायव्हर (यंत्र विंडोजशी जोडून देणारे छोटे प्रोग्राम) मिळतात का, हे तपासून घ्यावे. जुन्या स्कॅनरच्या बाबतीत ते न मिळणे सहज शक्य आहे आणि मग रॅमपायी स्कॅनर बदलण्याची पाळी येते. याच ओघात सांगतो की विंडोज १० ला मिळणारे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि आपला प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. लोकांची कागदपत्रे हाताळणाऱ्या संगणकावर किती पैसे घालायचे, हे ठरवताना एवढे ध्यानात असू द्यावे.

खरेदीपूर्वी एक दिवस नेहमीचे काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स' पाहावे. संगणक हँग होण्याच्या वेळी मेमरी, म्हणजे रॅमचा वापर, ९० टक्क्यांच्या पुढे असेल तर वरचे सर्व लागू आहे. २ जीबीवर ती तशी असणारच, अशी माझी अटकळ आहे. परंतु मेमरी साठ-सत्तरवर आणि डिस्क सतत शंभरवर असेल, तर कमजोरी जुन्या हार्ड डिस्कची आहे आणि तिच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) बसवल्याने अधिक गुण येईल. विंडोज १० मध्ये याच पानावर रॅमचा वेग आणि दोनपैकी किती स्लॉट भरलेले आहेत तेही दिसते.

बसवण्याविषयी थोडेच. आपल्याकडे जिनिंगच्या दिवसांत रुई कुठे जात नाही? गावाकडच्या कॅबिनेटमधून धुळीबरोबर तीही निघते. म्हणून आधी मऊ ब्रशने स्लॉट साफ करावा, तोंडाने फुंकू नये, फुंकरीबरोबर ओलावा जातो. वायर काढल्यावर पॉवरचे बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच पट्टी उचलावी आणि ती कडेला धरावी, पिनांना बोट लावू नये. माघ-फाल्गुनातल्या कोरड्या हवेत सिंथेटिक साडी किंवा शालीमुळे जो झटका बसतो, तेवढा पट्टी निकामी करायला पुरेसा असतो. दोन्ही टोकांना सारखा दाब दिला की कड्या आपोआप 'टक्' करून मिटतात. एकच मिटली असेल तर पट्टी तिरकी आहे असे समजावे आणि संगणक सुरू करू नये.

प्रश्न : आमच्या शाळेला देणगीत सहा जुने संगणक मिळाले. सर्वांचा मदरबोर्ड जी४१ चा, प्रोसेसर पेंटियम ड्युअल कोअर आणि रॅम डीडीआर३ ची २ जीबी आहे. आम्ही ४ जीबीच्या सहा नव्या डीडीआर३ पट्ट्या आणल्या. त्या व्यवस्थित बसतात, पण एकाही संगणकावर डिस्प्ले येत नाही, नुसती बीप वाजत राहते. त्याच पट्ट्या कार्यालयातील नंतरच्या संगणकात उत्तम चालतात. विक्रेता म्हणतो, पट्ट्या चांगल्या आहेत, तुमचे बोर्ड खराब आहेत. सहाही बोर्ड एकदम खराब कसे असतील? — एक शिक्षक, तालुका अकोट, जिल्हा अकोला

उत्तर : आपली शंका रास्त आहे. पट्ट्याही चांगल्या आहेत आणि बोर्डही चांगले आहेत, त्यांचे एकमेकांशी जमत नाही एवढेच. खाच जुळली, पिना जुळल्या, व्होल्ट जुळले, तरी आणखी एक गोष्ट जुळावी लागते. ती म्हणजे पट्टीवरच्या एकेका चिपची क्षमता.

हिशेब असा आहे. ४ जीबी म्हणजे ३२ गिगाबिट. ते सोळा चिपांत वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला २ गिगाबिट येतात, आणि आठच चिपांत वाटले तर ४ गिगाबिट. जी४१ हा चिपसेट २००८ चा आहे आणि त्याला फार तर २ गिगाबिटपर्यंतची चिप ओळखता येते. चिपच्या आत माहिती ओळींमध्ये साठवलेली असते. २ गिगाबिटच्या चिपमधील ओळीचा पत्ता १५ बिटांत मावतो, ४ गिगाबिटच्या चिपला १६ लागतात, आणि तो सोळावा बिट जी४१ च्या गावीच नाही. पुढे चिपा दाट झाल्या, आठांतच ४ जीबी मावू लागले आणि त्याच पट्ट्या बाजारात भरल्या. आपल्या हातातील पट्टी पाहावी : एका बाजूला आठ चिपा, दुसरी बाजू कोरी आणि लेबलवर '१आरएक्स८' असे असेल, तर कारण हेच. कार्यालयातील संगणक नंतरच्या काळातला असल्याने त्याला ती चालते.

जी४१ साठी मागायची ती '४ जीबी २आरएक्स८', दोन्ही बाजूंना चिपा असलेली, एकूण सोळा. परंतु सोळा मोजल्या म्हणजे झाले असेही नाही, कारण काही स्वस्त पट्ट्यांवर सोळा चिपा असतात पण प्रत्येक चिप ८ ऐवजी ४ बिटांची असते. त्या 'फक्त एएमडीसाठी' (इंटेलऐवजी एएमडी कंपनीचा प्रोसेसर असलेल्या संगणकांसाठी) म्हणून विकल्या जातात, कधी तसे न सांगताही विकल्या जातात, आणि इंटेलच्या डेस्कटॉप बोर्डवर त्या चालत नाहीत. दुसरे असे की जी४१ चे काही बोर्ड दुहेरी असतात, त्यांवर डीडीआर२ चे आणि डीडीआर३ चे असे दोन्ही स्लॉट दिसतात. दोन्ही जातींच्या पट्ट्या एकाच वेळी लावून त्यांची बेरीज होत नाही, एकच जात निवडावी लागते.

पट्ट्या बदलून मिळत असतील तर मात्र मी ४ जीबीच्या सोळा चिपांच्या मागे लागणार नाही. आपल्या बोर्डवर डीडीआर३ चा दुसरा स्लॉट मोकळा असल्यास २ जीबीची आणखी एकेक पट्टी लावून ४ जीबी करावेत. या २ जीबीच्या पट्ट्या लोकांनी काढून ठेवलेल्या असतात, दुरुस्तीच्या दुकानातल्या डब्यांत पडलेल्या असतात आणि जी४१ वर त्या बहुधा पहिल्याच प्रयत्नात सुरू होतात. मुलांना मराठी टंकलेखन, चित्रकला आणि स्प्रेडशीट शिकवायला पेंटियम ड्युअल कोअरवर तेवढी रॅम पुरते. त्याहून अधिक घातली तरी प्रोसेसरच कमी पडतो, तिचा फारसा उपयोग होत नाही. विक्रेत्याशी बोलताना भांडण्यापेक्षा त्यांच्यासमोर एक संगणक नेऊन २ जीबीची पट्टी लावून दाखवावी, बोर्ड खराब नसल्याचे तिथेच सिद्ध होईल.

प्रश्न : नागपूरला गेलो असता एका दुकानात ८ जीबीची डीडीआर३ रॅम अर्ध्या किमतीत मिळाली. खाच जुळली, बसलीही, पण संगणक सुरूच होत नाही. लेबलवर 'पीसी३-१२८००आर' असे लिहिले आहे. — एक वाचक, तालुका देवरी, जिल्हा गोंदिया

उत्तर : शेवटच्या 'आर' ने घात केला. ती सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड जातीची पट्टी आहे. साध्या पट्टीवर चिपा आठ किंवा सोळा असतात. हिच्यावर चूक पकडणारी जादा चिप असल्याने त्या नऊच्या पटीत भरतील, आणि मधोमध एक वेगळा, आडवा तुकडाही दिसेल. डीडीआर३ मध्ये दोन्ही जातींची खाच एकाच जागी असल्यामुळे ती बसते, आणि म्हणूनच फसायला होते. बायॉस (संगणक सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम) अपडेट करून किंवा सेटिंग बदलून ती साध्या डेस्कटॉपवर चालणार नाही. सर्व्हर मोडीत निघाले की या पट्ट्या ढिगाने बाजारात येतात, त्यामुळे अर्ध्या किमतीचे कोडे तेवढ्यावरच सुटते. आपल्या बोर्डचे मात्र काही बिघडलेले नसावे. जुनी पट्टी परत लावून पाहावी.

प्रश्न : मार्चमध्ये संगणकात जुन्या २ जीबीच्या शेजारी सेकंडहँड ४ जीबीची रॅम टाकली. तेव्हापासून दिवसातून एकदोनदा निळा पडदा येऊन संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. लोक म्हणतात, आपल्याकडच्या उन्हाने रॅम तापते. खरे आहे का? — एक झेरॉक्स केंद्रचालक, तालुका सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर

उत्तर : चंद्रपूरच्या उन्हाला बोल लावण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, परंतु डीडीआर३ ची पट्टी प्रोसेसरच्या मानाने फारच कमी तापते. प्रोसेसरचा पंखा धुळीने माखला असेल तर तो जरूर साफ करावा, मात्र रॅम टाकली त्याच दिवसापासून त्रास सुरू झाला असेल तर आधी रॅमकडेच पाहावे.

मेमटेस्ट८६प्लस हा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून संगणक सुरू करावा. तो विंडोजच्या बाहेर चालतो, रॅमच्या प्रत्येक कोपऱ्यात लिहून परत वाचून पाहतो आणि फरक आढळला की लाल ओळ दाखवतो. जुन्या संगणकावर एकेका फेरीला बराच वेळ लागतो, म्हणून रात्री लावून झोपावे; मध्येच लाइन गेली तर बिघडत काही नाही, फक्त पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि आपल्या भागात ती एक-दोनदा करावी लागेल हे गृहीत धरावे. आधी ४ जीबीची एकटी तपासावी, मग २ जीबीची एकटी, आणि दोन्ही वेळा स्लॉट तोच ठेवावा. एकच पट्टी चुका दाखवत असेल तर तिच्या पिना साध्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासून, कण झटकून पुन्हा तपासावे. सेकंडहँड पट्ट्यांच्या पिनांवर काळपट थर असतो आणि अनेकदा दोष तेवढाच असतो. दोन्ही पट्ट्या त्या स्लॉटमध्ये चुका दाखवून दुसऱ्यात स्वच्छ निघाल्या, तर स्लॉट सदोष आहे.

एकेकट्या दोन्ही स्वच्छ आणि एकत्र लावल्यावरच चुका, असेही घडते. अशा वेळी बायॉसमध्ये जाऊन रॅमचा वेग एक पायरी खाली आणावा, सोळाशे असेल तर तेराशे तेहतीस, आणि रात्रभर पुन्हा तपासावे. तरीही एक जरी लाल ओळ आली तरी 'एकच तर आहे' म्हणून सोडू नये. ४ जीबीची पट्टी बदलून घ्यावी आणि बदलून मिळेपर्यंत झेरॉक्सचे काम जुन्या २ जीबीवरच चालवावे.